फोर बाय फोर पिकअपचं डिझेल जातं कुठे?

नवी फोर बाय फोर पिकअप दारात उभी राहिली की शेजारी, पाहुणे, मेकॅनिक, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? मालकांकडून येणारी उत्तरं मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. टोयोटा हायलक्स चालवणारा एक जण सांगतो, हायवेला बारा मिळतं. दुसऱ्याला पुण्याच्या रहदारीत आठ मिळतं. तिसरा सह्याद्रीतल्या चिखलातून दिवसभर गाडी काढून आलेला असतो, तो पाच-साडेपाचचा आकडा सांगतो. गाडी तीच, इंजिन तेच, आणि तिघंही खरं बोलत असतात.

या विषयावर जगभर चाचण्या झाल्या आहेत, नियम बदलले आहेत, वादही झाले आहेत. ते सगळं वाचून आणि या गाड्या वापरणाऱ्यांशी बोलून माझं एक मत पक्कं झालं आहे. चर्चा होते ती डोंगरात जळणाऱ्या डिझेलची. पण बहुतेक मालकांचं जास्तीचं डिझेल डोंगरात जळत नाही, डांबरावर जळतं. डोंगरासाठी म्हणून गाडीवर चढवलेल्या आणि वर्षभर डांबरावर वाहिलेल्या सामानामुळे ते जळतं.

आपल्याकडे ही जात नवी नाही. टाटा मोबाइल १९८८ मध्ये आली. पुढे टाटा झेनॉन आणि महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या आल्या. बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर गाडी धरणांच्या, वनखात्याच्या, वीजवाहिन्यांच्या कामांवर अजूनही दिसते. २०१६ मध्ये इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली आणि पिकअप हौसेने घेणारा वर्ग तयार झाला. २०२१ पासून तिच्यात १.९ लिटरचं डिझेल इंजिन आहे. जानेवारी २०२२ मध्ये टोयोटाने हायलक्स दाखवली: २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस, ८० लिटरची टाकी, सव्वापाच मीटरहून जास्त लांबी. व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्ही रिकाम्या असतानाही दोन टनांच्या आसपास भरतात. पुढचं सगळं गणित या वजनापासून सुरू होतं.

आधी कागदावरचा आकडा कसा निघतो ते पाहू. जाहिरातीत ‘एआरएआय प्रमाणित’ असं जे लिहिलेलं असतं ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यातच आहे, कोथरूडला लागून वेताळ टेकडीवर. स्थापना १९६६ ची. चाचणीत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. चालकासमोर पडद्यावर वेगाचा आलेख सरकत असतो आणि त्या रेषेला धरून त्याला गाडी चालवायची असते. हे चक्र ११८० सेकंदांचं, म्हणजे वीस मिनिटांना थोडं कमी. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. पहिल्या भागात शहरी चालीची चार आवर्तनं होतात, तिथे वेग ५० च्या वर जात नाही. दुसऱ्या भागात तो जास्तीत जास्त ९० पर्यंत जातो. सरासरी वेग ताशी ३२-३३ किलोमीटर पडतो. एसी बंद असतो. खोलीचं तापमान बांधलेलं असतं. रस्त्यावर हवा आणि टायर जेवढा विरोध करतील तेवढा रोलरने करायचा असतो, आणि तो किती हे आधी गाडी सपाट धावपट्टीवर न्यूट्रलमध्ये सोडून, तिचा वेग कसा उतरतो ते मोजून ठरवलेलं असतं.

यात फसवणूक नाही. दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायची तर दोघींना एकच परीक्षा हवी आणि ती पुन्हा पुन्हा तशीच घेता यायला हवी. अडचण अशी आहे की पिकअपचं जे आयुष्य असतं त्यातलं जवळपास काहीच या परीक्षेत येत नाही. घाट नाही, पूर्ण भरलेला हौदा नाही, १०० च्या पुढचा वेग नाही, मे महिन्यातला एसी नाही. लो रेंज तर दूरच.

युरोपात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. आयसीसीटी या संशोधन संस्थेने कागदावरच्या आणि रस्त्यावरच्या इंधनखर्चातली दरी वर्षानुवर्षं मोजली. २००१ मध्ये ती आठ-नऊ टक्के होती, २०१५ पर्यंत ४० टक्क्यांच्या आसपास गेली. लोक वाईट चालवायला लागले म्हणून हे झालं नाही. चाचणीतल्या सवलती कशा वापरायच्या हे कंपन्यांना उमगत गेलं म्हणून झालं. आपलं चक्र ज्या जुन्या युरोपीय चक्रावरून घेतलेलं आहे, ते युरोपाने सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलांसाठी बदललं. नव्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत १८०० सेकंदांत २३ किलोमीटरहून जास्त अंतर जातं आणि वेग १३१ पर्यंत चढतो. त्याच्याही पुढे जाऊन २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष खर्च नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिच्यातून आलेली माहिती युरोपियन कमिशनने तपासली तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्यांचा रस्त्यावरचा खर्च नव्या चाचणीपेक्षाही सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त निघाला. परीक्षा कडक केली की दरी कमी होते, मिटत नाही.

अमेरिकेत पिकअप हे घरातलं वाहन, त्यामुळे तिथली आकडेवारी आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २००८ च्या मॉडेलांपासून दोनाऐवजी पाच चाचण्यांचा आधार घ्यायला सुरुवात केली. त्यात आक्रमक चालवणं आलं, उन्हात एसी लावून चालवणं आलं, गोठत्या थंडीत गाडी सुरू करणं आलं. म्हणूनच तिथले आकडे ऐकायला निराश करणारे पण वास्तवाच्या जवळचे असतात. वाळवंटात उधळण्यासाठी बनवलेली २०२१ ची फोर्ड एफ-१५० रॅप्टर ३५ इंची टायरवर गॅलनला १६ मैल देते, आपल्या हिशोबात लिटरला ६.८ किलोमीटर. सुपरचार्जर लावलेल्या व्ही-एट इंजिनाची रॅम टीआरएक्स १२ मैलांवर येते, म्हणजे जेमतेम ५.१. पण साडेआठ हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे ३,८५० किलोंहून जास्त एकूण वजनक्षमता असलेल्या पिकअपवर हा आकडा लावावाच लागत नाही. सर्वांत जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांना प्रगतिपुस्तकच नाही. मला ही तिथल्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी उणीव वाटते.

ऑस्ट्रेलियात हायलक्स आणि फोर्ड रेंजर या सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांपैकी आहेत. तिथल्या मोटार संघटनेने २०२३ पासून सरकारी पैशातून, मेलबर्नजवळच्या जीलाँग परिसरात खऱ्या रस्त्यावर गाड्या चालवून खर्च आणि धूर मोजायला सुरुवात केली. हे पाऊल मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण निकाल मोटारनिर्मात्याच्या हातात राहत नाही. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. पुणे, युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, यातली एकही चाचणी डांबर सोडत नाही. ज्या कामासाठी ही गाडी जास्त पैसे मोजून घेतली जाते, त्या कामाचा खर्च माझ्या माहितीप्रमाणे जगात कोणतीही सरकारी यंत्रणा छापत नाही.

आता डांबराचा हिशोब. साधं गणित मांडू. चालकासह २२०० किलोची पिकअप, सपाट रस्ता, वारा नाही. पिकअपचं तोंड रुंद आणि उभं, मागे उघडा हौदा, त्यामुळे हवा तिला सेडानच्या जवळपास दुप्पट अडवते. ताशी ८० ला हवेचा विरोध साधारण ३७० न्यूटन आणि टायरचा २६० न्यूटन. १२० ला टायरचा जवळपास तेवढाच राहतो, हवेचा मात्र ८३० च्या पुढे जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. लिटरभर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट ऊर्जा असते, त्यातली तीन युनिट चाकांपर्यंत पोचतात असं धरलं, तर ८० ला लिटरमागे सतरा किलोमीटर मिळतात, १०० ला तेरा आणि १२० ला दहा. प्रत्यक्षात वाहतूक, चढ आणि एसी यातून आणखी खातात, पण प्रमाण हेच राहतं. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. या हिशोबाने तो ८० ने कापला तर ४१ लिटर डिझेल लागतं, १२० ने कापला तर ७०. तीन तास वाचतात आणि २९ लिटर जास्त जातात. ज्याला घाई आहे त्याने खुशाल जावं, पण मग गाडी पिते अशी तक्रार करू नये.

यावर सामान चढवू. हौशी मालक गाडी घेतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय करतो ते कोणत्याही मोठ्या शहरातल्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. मूळ बंपर काढून लोखंडी बंपर, त्यात विंच, बाजूला रॉक स्लायडर, खाली लिफ्ट किट, वर रॅक, रॅकवर तंबू, दोन जेरीकॅन, फावडं आणि वाळूत घालायच्या पट्ट्या. अडीचशे-तीनशे किलो सहज होतात. अमेरिकन सरकारची माहिती सांगते की ४५ किलो जास्तीचं वजन साधारण एक टक्का इंधन खातं, आणि गाडी जेवढी जड तेवढा हा टक्का कमी. म्हणजे वजनाचं नुकसान तीन-चार टक्क्यांचं. खरा फटका टपावरच्या सामानाचा आहे. त्याच माहितीनुसार टपावरची मोठी, बोथट पेटी शहरात दोन ते आठ टक्के खाते, हायवेवर सहा ते सतरा, आणि १०५ ते १२० च्या वेगाला दहा ते पंचवीस. तंबू वर्षातून चार रात्री उघडला जातो आणि तीनशे पासष्ट दिवस हवा कापत फिरतो. नट-बोल्ट सोडून रॅक गॅरेजमध्ये ठेवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. याहून स्वस्तात अ‍ॅव्हरेज वाढवायचा मार्ग मला माहीत नाही.

हौद्याचं मागचं झाकण उघडं ठेवलं तर वारा निघून जातो आणि डिझेल वाचतं, असा समज गावोगावी आहे. तो उलटा आहे. झाकण बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन तिथेच राहतो आणि वरून जाणारा वारा त्याच्यावरून घसरून जातो. झाकण उघडलं की तो मोडतो. ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने गाड्या चालवून हे दाखवलं होतं.

टायरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे खर्च आणि मोजमाप दोन्ही बदलतात. ऑल-टेरेन आणि त्याहून मड-टेरेन टायरचे ठोकळे मोठे, रबर जाड, वजन जास्त. प्रत्येक फेऱ्यात ते ठोकळे दबतात, सुटतात आणि तापतात, ती उष्णता डिझेलमधूनच येते. रॅप्टरच्या अधिकृत आकड्यांत हे स्वच्छ दिसतं: तीच गाडी ३५ ऐवजी ३७ इंची टायरवर घेतली की हायवेचा आकडा १८ वरून १६ मैलांवर येतो. दहा टक्क्यांहून जास्त घट, तीही कंपनीने स्वतः बसवलेल्या टायरवर.

आता मोजमाप. हायलक्सचा २६५/६५ आर १७ टायर ७७६ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याजागी २८५/७० आर १७ घातला तर व्यास ८३१ होतो, सात टक्के जास्त. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सात टक्के जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्याच हिशोबाने मोजत राहतो. तो १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी १०७ गेलेली असते. मालक टाकी भरतो, मीटरच्या आकड्याला लिटरने भागतो आणि अ‍ॅव्हरेज बारावरून दहावर आलं म्हणून कपाळाला हात लावतो. खरं अ‍ॅव्हरेज १०.७ असतं. नुकसान आहेच, पण दिसतं त्याच्या दोन तृतीयांश. चिखलात याच्या नेमकं उलट घडतं. चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, मीटर त्या फेऱ्याही अंतर म्हणून मोजतो आणि गाडी हललेली नसताना किलोमीटर वाढतात. म्हणून चिखलातल्या दिवसाचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.

घाटाचं गणित लोकांना वाटतं त्यापेक्षा सौम्य आहे. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साडेपाचशे मीटर वर जाते. २२०० किलो तेवढं उचलायला, वरच्याच हिशोबाने, सव्वा लिटरच्या आत डिझेल लागतं. डॅशबोर्डवरचा काटा चढावर चार-पाच दाखवतो म्हणून माणूस घाबरतो, पण तो काही किलोमीटरांपुरताच असतो. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर आजची डिझेल इंजिनं इंधन पूर्ण तोडतात. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवण्याची जुनी सवय आता उलट डिझेल खाते, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन द्यावंच लागतं. शिवाय दोन टनांची गाडी घाटात फक्त ब्रेकवर उतरवणं हा जिवाशी खेळ आहे.

पोटासाठी पिकअप चालवणारी माणसं या सगळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि त्यांचं ऐकावं असं मला वाटतं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो आणणारा पिकअपवाला लिटरमागे किलोमीटर सांगत बसत नाही. तो फेरीचं डिझेल सांगतो: शेतापासून बाजारापर्यंत भरून जाणं, रिकामं परत येणं, मध्ये रांगेत उभं राहणं, सगळं धरून एवढे लिटर. जेसीबी आणि ट्रॅक्टरवाले तर कायम तासाचा खर्च सांगतात, कारण शेतात मशीन किती किलोमीटर चाललं याला काही अर्थ नसतो.

फोर बाय फोर पिकअप लो रेंजमध्ये गेली की ती याच जातीत जाते. लो रेंज म्हणजे ट्रान्सफर केसमधली वेगळी गिअर जोडी. हायलक्समध्ये ती ओढ सुमारे अडीच पट करते आणि वेग तेवढाच कमी करते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असताना गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने सरकते. इंजिनाला स्वतःचं घर्षण, पंप, पंखा, एसी यांच्यासाठी दर मिनिटाला जे इंधन लागतं ते अंतराशी बांधलेलं नाही, वेळेशी बांधलेलं आहे. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवलं तरी एवढ्या मोठ्या डिझेलला तासाला लिटरभर लागतं. दगडधोंड्यांत, चढ-उतारांवर माझ्या अंदाजाने ते तीन ते पाच लिटरवर जातं.

या हिशोबाने तिसऱ्या मालकाचा आकडा सहज उलगडतो. समजा, दोनशे किलोमीटर हायवेने जाऊन-येऊन लिटरमागे बारा मिळाले, म्हणजे सतरा लिटर. मधल्या दिवसात सहा तास लो रेंजमध्ये तासाला चार लिटरने चोवीस, आणि दुसऱ्यांची अडकलेली गाडी निघेपर्यंत दोन तास इंजिन चालू ठेवून उभं राहण्यात दोन. डोंगरात कापलेलं अंतर चाळीस किलोमीटर. एकूण २४० किलोमीटरला ४३ लिटर, म्हणजे साडेपाच. डोंगराचा भाग वेगळा काढला तर तिथे दीडच मिळालं. या दीडमध्ये गाडीचा दोष शोधणं व्यर्थ आहे.

आणि आता मी सुरुवातीला केलेल्या विधानाचा हिशोब. असे दहा दिवस वर्षाला धरले तरी डोंगरात जळतात २६० लिटर. तोच मालक वर्षाला पंधरा हजार किलोमीटर डांबरावर चालतो असं समजू. मूळ टायर आणि मोकळा टप असताना बारा मिळत असेल तर १२५० लिटर लागतात. मड-टेरेन टायर, लोखंडी बंपर, रॅक आणि तंबू यांमुळे ते दहावर आलं तर १५०० लागतात. जास्तीचे २५० लिटर, जवळपास अख्ख्या वर्षाच्या भटकंतीइतके, आणि त्या बदल्यात एकही डोंगर पाहिला नाही.

वाळूचा विषय वेगळा आहे, कारण तिथे गणितच बदलतं. डांबरावर टायरचा विरोध वजनाच्या एक-सव्वा टक्का असतो, मऊ वाळूत तो दहापट होतो, कधी त्याहून जास्त. टायर वाळूत रुततो आणि चाक सतत स्वतःच केलेल्या खड्ड्याची कड चढत राहतं. लिटरला तीन-साडेतीन मिळालं तरी नशीब. यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे: टायरमधली हवा पस्तीसवरून अठरा-वीसवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतणं कमी होतं. परतताना हवा पुन्हा भरायला मात्र टाळाटाळ होते, कारण गावातलं पंक्चरचं दुकान बंद असतं किंवा रांग असते. डांबरावर दर एक पीएसआय कमी हवेला ०.२ टक्के इंधन जातं असा अमेरिकन सरकारचा आकडा आहे. पंधरा पीएसआयला तीन टक्के झाले. डिझेलपेक्षा मोठा धोका टायरचा आहे. कमी हवेवर शंभरच्या वेगाने पळणारा टायर आतून तापतो आणि फुटतो. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर ही या गाडीतली सर्वांत आधी घ्यायची वस्तू आहे, विंच आणि दिव्यांच्या पट्टीच्या कितीतरी आधी.

फोर बाय फोर लावल्याने किती फरक पडतो, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हीत टू-व्हील ड्राइव्हवर असताना पुढचा आस इंजिनापासून सुटतो, म्हणून रोजच्या वापरात नुकसान फारसं नाही, फक्त त्या सगळ्या लोखंडाचं वजन वाहावं लागतं. कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये चालवणं मात्र चूक. पुढची आणि मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये फरक सोडवणारं काही नसतं, आणि तो ताण टायर घासण्यात आणि डिझेल जाळण्यात निघतो.

लडाखकडे जाणाऱ्यांसाठी अ‍ॅव्हरेज हा पैशांपेक्षा पोचण्याचा प्रश्न असतो. मनाली–लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षं उभी होती आणि तिच्यासमोर फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नसे. एवढं अंतर बारा मिळालं तर तीस लिटरमध्ये होतं, सहा मिळालं तर एकसष्ट लागतात. ८० लिटरची टाकी असेल तर दोन्हीत निभावतं, पन्नास-पंचावन्नची असेल तर सहावर निभावत नाही. त्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे तिचा विरोध कमी होतो, पण इंजिनालाही श्वास कमी पडतो आणि माणूस खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहतो. हिवाळ्यात साधं डिझेल गोठायला लागतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल लडाखमध्ये आणलं ते याचसाठी.

एक कारण बऱ्याच मालकांच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारं फिल्टर आलं. ते भरलं की गाडी स्वतःच जास्तीचं इंधन जाळून आतली काजळी पेटवते. हायवेला हे मुकाट्याने होऊन जातं. पण रोज चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते अर्धवट सुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि काही कारण नसताना अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी.

स्वतःचा आकडा काढायचा तर डॅशबोर्डवर विसंबू नये, तो बहुतेकदा जरा उदार असतो. टाकी ते टाकी हीच खरी पद्धत. पंपावर नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते: डिझेल जोरात सोडलं की त्याला फेस येतो, फेस नोझलला लागतो आणि ऑटो-कट लवकर होतो. दोन मिनिटं थांबून फेस बसला की आणखी लिटर-दोन लिटर आत जातं. वीस लिटरच्या भरण्यात दोन लिटरची चूक म्हणजे दहा टक्के, साठ लिटरच्या भरण्यात तीन. म्हणून टाकी बरीच रिकामी होऊ द्यावी, पंप तोच, जागा सपाट, पहिल्या ऑटो-कटला थांबायचं, आणि तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यायची. टायर बदलले असतील तर मोबाइलवरच्या जीपीएसने शंभर किलोमीटर मोजून मीटरची चूक काढून घ्यावी. एका टाकीवरून गाडीला नावं ठेवू नयेत आणि डोक्यावरही घेऊ नये.

आपल्या ‘लिटरला किलोमीटर’ या मापातही एक खोट आहे. ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये ती मांडली. लहान मोटारीचं अ‍ॅव्हरेज चौदावरून तेरावर आलं तर हजार किलोमीटरला साडेपाच लिटर जास्त लागतात. पिकअपचं आठवरून सातवर आलं तर अठरा. घट दोन्हीकडे एकाचीच दिसते, खर्च तिपटीहून जास्त. कमी देणाऱ्या गाड्यांत प्रत्येक अर्धा किलोमीटर मोलाचा असतो. ‘तशीही पितेच, आणखी थोडी प्यायली’ हा विचार महागात पडतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात ही फसगत होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कागदांवर डिझेल फोर्ड रेंजरसमोर ७.२ आणि तिच्याच पेट्रोल रॅप्टर आवृत्तीसमोर ११.५ लिटर असे आकडे शेजारी दिसतात आणि हौसेची किंमत एका नजरेत कळते.

नवं तंत्रज्ञान काही प्रमाणात मदत करेल. टोयोटाच्या टॅकोमाच्या ऑफ-रोड आवृत्तीत, टीआरडी प्रोमध्ये, २०२४ पासून हायब्रिड यंत्रणा आली आणि ईपीएचा आकडा २० वरून २३ मैलांवर गेला. विजेच्या पिकअपना रांगायला इंजिन फिरवत ठेवावं लागत नाही, त्यामुळे लो रेंजमधला वेळेचा खर्च त्यांच्यात जवळपास नाहीसा होतो. पण १०० च्या वेगाला त्यांचंही उभं तोंड तसंच हवेवर आदळतं आणि टपावरचा तंबू त्यांनाही तेवढाच अडवतो.

आपल्याकडे या गाड्यांसाठी मला तीन आकडे छापलेले हवे आहेत. पहिला, आजच्यासारखाच प्रमाणित, तुलनेसाठी. दुसरा, पूर्ण माल भरून, एसी लावून, घाटाच्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला किती लिटर. तिसरा, लो रेंजमध्ये ठरावीक चढावर तासाला किती लिटर. हे मोजायला नवं विज्ञान लागत नाही. इंजिनाला मिनिटाला किती डिझेल जातं हे आजची प्रत्येक गाडी स्वतः मोजत असते आणि वेताळ टेकडीवरून ताम्हिणी घाट दोन तासांच्या आत आहे. पस्तीस लाखांच्या आसपास पैसे मोजून डोंगरात नेण्यासाठी गाडी घेणाऱ्याला डोंगरातला खर्च विकत घेण्याआधी कळायला हवा.